एकशे चव्वेचाळीस

सोहारमध्ये शुक्रवार, सकाळचे साडेआठ.
तिकडे दाभोळला दहा.
आप्पांनी नारळ उचलला
आणि हात वरच राहिला.
मधोमध ते गरगरणारं चक्र.

अन्सिफ खाटेवरूनच म्हणाला, कॅश साफ कर.
म्हटलं, साफच आहे, पंचवीस तारीख उलटली की.
तो हसला नाही. उठला.
जाहिराती अडवणारं ते काय ते आधी बंद केलं,
ब्राउझर मिटून दुसरा उघडला,
राउटरची वायर उपसून तीसपर्यंत मोजलं, मल्याळममध्ये.
आप्पांचा हात वरच.
माझा अकरा वर्षांचा ओव्हरटाइम त्या होडीच्या फळ्यांत,
आणि ती ओंडक्यांवर,
ना वाळूत ना पाण्यात.

मग त्यानं क्वालिटी उतरवली,
थेट एकशे चव्वेचाळीसवर.
आप्पांचे सात-आठ चौकोन झाले.
तरी ओळखलं मी, डावा खांदा पडलेला.

आधी आवाज आला. नारळाचा नाही,
रेटणाऱ्या माणसांचा.
चित्र पोचलं तेव्हा
वाळूवर ओंडक्यांचे ओले वळ
आणि वाकून खोबरं वेचणारं कुणाचं तरी पोरगं.

होडी कुठाय तुझी, अन्सिफनं विचारलं.
मी बोट ठेवलं
पडद्याच्या बाहेर, जरा डावीकडे,
चार्जरच्या वायरीजवळ.