पावतीच्या मागची बाजू

एनो ब्रुन्स यांनी बिस्किटांचा डबा माझ्या टेबलावर ठेवला
आणि चोरी कबूल करायला आल्यासारखे
टोपी हातात धरून उभे राहिले.
ब्रेमरहाफेनच्या धक्क्याजवळ त्यांचं दोरखंडांचं दुकान,
आजोबांपासूनचं.
डब्यात वसंतापासूनच्या हॉटेलांच्या पावत्या.

'जेवलोय मी,' म्हणाले. 'जेवण म्हणजे काम कसं होईल?'

बसा, मी म्हटलं. पावती उलटी करा.
मागे लिहायचं: पंगतीला कोण होतं,
कशासाठी, कुठल्या दिवशी. खाली सही.
नुसतं 'कामाचं जेवण' लिहिलंत तर कर कार्यालय हसेल,
म्हणजे हसणार नाही, नामंजूर करेल.
नीट लिहिलंत तर शंभरातले सत्तर खर्चात धरतात.
'आणि तीस?'
तेवढं पोट तुमचं स्वतःचं, हेर ब्रुन्स.

मग पावत्या बोलायला लागल्या.
शतावरी, उकडलेले बटाटे, दोन माणसं:
नॉर्वेचा एक बोटवाला, कशावरच विश्वास नसलेला.
ब्रुन्सनी हातरुमालाला गाठ मारून दिली
आणि ती सोडवता सोडवता
त्यानं चारशे मीटर नायलॉन मागवलं.
हेच लिहा.
'गाठीसकट?'
गाठ राहू द्या. चारशे मीटर लिहा.

हेरिंग, कांदा, चार बिअर:
विमा कंपनीच्या बाई. त्या बिअर पीत नाहीत.
मग चारही?
ते कानापर्यंत लाल झाले.

टिपसुद्धा धरता येते म्हटल्यावर
त्यांनी खुर्चीला पहिल्यांदा पाठ टेकली.

तळाशी एक घडी घातलेली.
मासा, दोन प्लेट.
कोण होतं?
'हार्म टीट्येन. जहाजदुरुस्तीवाला.'
काय घेतलं त्यानं?
'त्याची गोदी तोवर बंद झाली होती.'
घेणार होता?
'नाही.'
बोलणं?
'वाऱ्याविषयी थोडंसं. मग जेवलो. म्हणजे, मी जेवलो.'

मी पेन उघडून बसले होते.
'भविष्यातील ऑर्डरची शक्यता':
वीस वर्षांत हे शब्द किती पावत्यांमागे वाचलेत मी,
ओळीत अगदी बेतून बसतात.
ब्रुन्सनी माझ्या हाताखालून कागद ओढला.
'ही नको. हिचे शंभरच्या शंभर माझे.'
आणि पाकिटात सरकवला.

थर्मल कागद आहे, मी सवयीनं म्हटलं,
नाताळपर्यंत अक्षरं उडतील, झेरॉक्स काढून ठेवा.
'कुणाला दाखवायचीय?'

डबा विसरून गेले. फोन केला तर म्हणाले,
राहू दे, आता लिहूनच पाठवत जाईन.
त्यात मी स्टेपलच्या पिना ठेवते.
झाकण उघडलं की दालचिनीचा वास येतो.

काल पाकीट आलं.
पहिल्याच पावतीच्या मागे, 'कारण' लिहायच्या जागी,
बॉलपेननं काढलेली एक गाठ,
दोन्ही टोकं व्यवस्थित सुटी सोडलेली.
दुकानात फोन लावून विचारलं,
आणि शेजारी पेन्सिलीनं लिहिलं:
दीडशे मीटर, पॉलिएस्टर, निळा.