दुसरी कळ

सात फोटो. सातही समोरून,
स्थळाचे पाठवतात तसे.
मी लिहिलं, युफोनियमची पाठ दाखवा,
तळाचं वळण, जिथे तो जमिनीवर टेकतो.
पोचा निघाला, आमटीच्या वाटीएवढा.
पोच्याचं काही नाही,
आमच्या इंदुरात, मल्हारगंजात, इद्रिसभाई
आत गोळा फिरवून काढतात, चहा होईस्तोवर.
भीती वाटते ती गुलाबी ठिपक्यांची.
पितळ आतून सडतं
आणि वरून लाजल्यासारखं दिसतं.

व्हिडिओवर एक बाई आल्या, कोट्याच्या.
आमच्यात आता कुणी वाजवत नाही, म्हणाल्या.
वाजवू नकाच, म्हटलं.
कळ न दाबता तिची नळी ओढा.
थांबा.
आता दाबा.
पहिली: टप्.
तिसरी: टप्, जराशी ओलसर.
दुसरी काही बोलली नाही.
चारदा ओढली त्यांनी. नुसत्या बांगड्या वाजल्या.

झिजली आहे, मी समजावलं,
हवा धरत नाही. वरातीत तिला उसंत कुठली.
त्या तिच्यावर मधलं बोट ठेवून बसल्या होत्या,
दाबत नव्हत्या.
"उँगली भी यही टेढ़ी थी उनकी."

अठरा मागत होत्या.
चार कापून चौदा म्हणायचं, हे मी
फोन लावण्याआधीच पाठ केलं होतं.
सोळा म्हणालो.

आता गादीवर पडून हिशेब:
मेरठहून पिस्टन, इद्रिसभाईंची मजुरी,
तुळशीचं लग्न अठ्ठावीस दिवसांवर.
आणि चौथी कळ आहे का,
ते विचारायचंच राहिलं.
उजवा हात उशीवर काहीतरी वाजवतोय,
मधलं बोट
जरा जपून.