प नसलेल्या लिपीत

आईची जन्मतारीख एक जून.
धाकट्या मामाची एक जून, पलीकडच्या घरातल्या शेवंताची एक जून.
कुडाळजवळच्या त्या शाळेत
गुरुजींनी अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्माला घातला
आणि टाक पुसून ठेवला.

आजी तोवर गेली होती. सांगणारं कोणी नव्हतं.
त्याच एक जूनवर पुढे पत्रिका झाली,
छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले
आणि आईला बाबा मिळाले.

"तू तिथंच आहेस तर बघ ना," परवा फोनवर म्हणाली,
"मत्र्यात जन्मले मी. लिहिलं असेलच की कुठंतरी."
जणू छत्री विसरून आली होती.

म्हणून एक रजा खर्चून, रुवीहून टॅक्सी करून
जुन्या दवाखान्याच्या वह्या ठेवलेल्या या खोलीत बसलोय.
एसीचं पाणी बादलीत टपटपतंय.
राशिद अल-बलूशी चष्मा कपाळावर सरकवतो:
"अर्धं वाळवीनं वाचून संपवलं. उरलेलं मी वाचतो."

मी सांगतो, पांचाळ. धाकू पांचाळ. सुतार.
पडाव दुरुस्त करायचे, इथेच, बंदरावर.
तो दोन वह्या उलटतो. तिसरी.
मग त्याच्याच लक्षात येतं:
अरबीत प नाही.
च नाही. ळ तर विचारूच नका.
"घरी आम्ही बलुची बोलतो," राशिद म्हणतो,
"घरी आहे प. वहीत नाही."

मग आम्ही दोघं मिळून आजोबांना तासायला घेतो.
पांचाळचा बांचाळ. बांशाळ.
धाकूतला श्वास काढून ठेवला.
रंध्याखालून निघावं तसं एक गुळगुळीत नाव
चौथ्या वहीच्या मधोमध सापडलं:

दाकू बान्शाल. हिंदी. नज्जार.
मुलगी.
सफर महिना, चौदावी रात्र, इशाच्या नमाजानंतर.
सुईण: झमझम.

बाळाच्या नावाचा रकाना कोरा.
बारसं व्हायच्या आत
वही पुढच्या बाळाकडे गेली होती.

राशिद मोबाइलवर इंग्रजी तारीख काढतो, मग थांबतो.
"सूर्य बुडाला की आमचा उद्या सुरू होतो.
तुमचा?"
आमचा कधी मध्यरात्री. पंचांगात, सूर्य उगवल्यावर.
म्हणजे एका मुलीला दोन तारखा,
आणि शाळेतली धरून तीन.

चौदावी रात्र मात्र एकच.
मी बोटाच्या पेरांवर मोजून बघतो.
त्यांचाही महिना चंद्राचा, आमचाही.
त्या वर्षीचं पंचांग मोबाइलवर उघडतो. श्रावण.
नारळी पौर्णिमा, किंवा तिला अगदी चिकटून.
तिकडे खाडीत नारळ सोडून लोक घरी परतले असतील,
आणि इकडे...
इकडे नारळ मिळत होता का, तेही मला माहीत नाही.

बाहेर येऊन धक्क्यावरून फोन लावला.
सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प.
"वेळ काय लिहिलीय?"
इशानंतर.
"म्हणजे?"
म्हणजे रात्रीची. निजानीज व्हायच्या सुमाराची.
"मग माझी रास बदलते."
पुन्हा गप्प. मागे बाबांची बातम्यांची पट्टी मोठ्यानं चाललेली.
"हे तुझ्या बाबांना सांगू नकोस आत्ताच.
आणि पेन्शनच्या कागदावर एक जूनच राहू दे,
नाहीतर हयातीच्या दाखल्याला
पुन्हा तालुक्याला खेपा."

बरं, म्हटलं.
गाड्यांचा आवाज वाढला म्हणून मी फोन कानाशी दाबून धरला.

"सुईणीचं नाव काय म्हणालास?"
झमझम.
"झमझम," ती म्हणाली.
मग बहुधा फोन खाली ठेवायला विसरून,
स्वयंपाकघरात जाता जाता, पुन्हा एकदा.