पटावर

पहाटे चारला हातपंप कुरकुरतो,
पाण्याआधी त्याला एक कोरडी उचकी लागते.
आतलं रबर झिजलंय. लिलोंग्वेहून यायचंय,
गेल्या ईस्टरपासून यायचंय.
आज पाळी लिंबानीची आणि दोघा जुळ्यांची.
जुळे एकाच वेळी दांड्याला लोंबकळतात
तेव्हा कुठे एका माणसाचं वजन भरतं.

ताटल्या एकतीस. मुलं तीस.
मोजणीत चूक नाही.

उन्हं तापायच्या आत आम्ही मक्यात शिरतो.
प्रत्येक पोंग्यात चिमूटभर माती,
लष्करी अळी आतल्या आत घुसमटावी म्हणून.
फवारणीची बाटली परवडत नाही, बोटं आपलीच आहेत:
दोनशे अठ्ठ्याण्णव.
(लोंजेझोची दोन उसाच्या चरकात गेली, तो इथं येण्याआधी.
अळ्या मात्र तोच सर्वांत जास्त पकडतो
आणि डबीत भरून डुकरिणीला नेऊन देतो,
वाढदिवसाची भेट द्यावी तशी.)

फेब्रुवारी हा उभ्या पिकातला उपाशी महिना.
कणसं डोळ्यांसमोर, दाणा अजून दुधात.
कणगीवर टिचकी मारली की पोकळ बोलते.
न्सिमा आता ताटलीत उभी राहत नाही, पसरते.
तियामिके विचारते, "मायी, ही प्यायची की खायची?"
मी म्हणते, "आधी फुंकर घाल."

नोंदवही मी पेन्सिलीनं लिहिते.
जिल्ह्याचे कपालामुला साहेब रागावतात:
सरकारी कागद, शाई हवी.
त्यांना काय सांगू,
पेरणी जवळ आली की इथला पट हलतो, साहेब.
कुदळी बाहेर निघाल्या
की नातेवाइकांना माया फुटते.

नोव्हेंबरात मासोझीचा मामा आला सायकलवर.
इकडे बहिणीच्या लेकरावर मामाचाच शब्द चालतो,
मला बोलायला जागा नव्हती.
अकरा वर्षांची. खांदे भरलेले.
त्यानं तिचे दंड चाचपले
बाजारात आपण रताळं दाबून बघतो तसे.
तिनं शाळेची वही मागितली नाही, चप्पल मागितली नाही.
कॅरिअरवर बसल्यावर एवढंच म्हणाली,
"माझी ताटली कुणाला देऊ नका."
त्या रात्री तिचं नाव खोडायला मी रबर हातात घेतलं
आणि दुसऱ्याच कुणाचं तरी वय दुरुस्त केलं.

काल संध्याकाळी कुत्रं भुंकलं नाही, नुसती शेपटी आपटली.
फाटकाशी मासोझी.
पायांवर दोन दिवसांचा लाल चिखल,
पाठीवर चितेंजेत बांधलेलं एक पोर,
तोंडात मूठ घालून झोपलेलं.
मामा जोहान्सबर्गला गेला. मामीनं दुसरा घरोबा केला.
"हा त्यांचा," ती म्हणाली. "मागे राहिला."

मला तिला कणगीबद्दल सांगायचं होतं.
तोवर ती स्वयंपाकघरात जाऊन
फळीवरून आपली ताटली काढत होती.
धुतलेली होती, तरी धुतली.
मग पोराला मांडीवर घेऊन
बोटानं न्सिमाच्या मधोमध एक रेघ ओढली.
पातळ ती. रेघ लगेच बुजली.
तिनं पुन्हा ओढली.

रात्री कंदिलाशी वही उघडली.
नाव? यांखो.
वय? दात मोजून, तीन.
पालकाचा रकाना आला.
तिथं आम्ही बहुधा आडवी रेघ मारतो.
मासोझी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.
"माझं लिहा."

मी पेन्सिल खाली ठेवली.
कपालामुला साहेबांनी दिलेलं पेन
चहाच्या डब्यामागून शोधून काढलं.
वापराविना वाळलेलं. तळव्यावर घासलं,
फुंकर घातली, झटकलं,
नुसता कोरडा ओरखडा.
"थांबा," ती म्हणाली,
आणि पेनाचं टोक
कंदिलाच्या काचेला लावून धरलं.