शेवटचा बाक

शिवडीची शाळा, सातवी ब, तिसरा तास.
मी शेवटच्या बाकावर, गुडघे फळीला टेकलेले,
मांडीवर लॉगबुक.
तांडेल सरांचा आवाज आज इस्त्री केलेला,
टाचण मला दिसेल असं टेबलाच्या कडेला.

उद्दिष्टं: आहेत. फलकलेखन: सुवाच्य.
वर्गनियंत्रण:
मी इथे बसल्यावर बोलणार कोण?

माझ्या वेळी देवस्थळी सर दारातच उभे राहायचे,
सात मिनिटं.
मग शेरा: 'समाधानकारक'.
अकरा वर्षं मी समाधानकारक होते.
कशात, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

शेजारचा प्रज्योत फळ्याकडे बघतच नाही,
पुढच्या मुलीच्या वहीतून अपूर्णांक उतरवतोय.
अंश बरोबर, छेद सगळे चुकलेले.
"फळ्यावर बघ ना रे," मी कुजबुजले.
"इथनं नाय दिसत, बाई. चमकतो."

मी मान खाली घातली, त्याच्या उंचीएवढी.
खरंच.
समोरच्या टॉवरच्या काचांवरून उलटलेलं ऊन
फळ्यावर आडवं पडलेलं.
वर तीन, मग रेघ,
रेघेखाली नुसता उजेड.

पडद्यासाठी सरांचा अर्ज
जूनपासून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
त्यावर माझ्याच अक्षरात: 'पाहू'.

घंटा झाली. मुलं पाणी प्यायला पळाली.
सर रुमालाने मान पुसत उभे,
निकाल ऐकायला आल्यासारखे.

म्हटलं, बसा. तिथे नाही, इथे, माझ्या जागेवर.
आणखी थोडं वाका.
खडू घेऊन मी पुढे गेले,
तीन छेद चार पुन्हा गिरवलं.
"काय दिसतंय?"

ते बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिले.
"तीन," म्हणाले.