सातवी रांग

चौऱ्याण्णव अंशांवर धागे उलगडतात,
पंचावन्नला ओळख पटते,
बहात्तरला वीण पुन्हा बसते.
पस्तीस वेळा.
कावांडाच्या या इमारतीत मधेच वीज जाते,
जनरेटर आधी खोकतो,
मग यंत्राला आठवतं कुठवर आलो होतो.

केळीला बी नसतं,
हे शाळेत शिकण्याआधीच मला ठाऊक होतं.
लेक आईच्या बुंध्यातूनच उठते,
बापाचा पत्ता नाही, कुणी शोधतही नाही.
आमच्या परसातली नाकितेंबे म्हणजे
पणजीच्या परसातलीच,
एकेका मुनव्यानं एकेक पाऊल टाकत
इथवर चालत आलेली.
म्हणून तर एकीला जे लागतं
ते सगळ्यांना लागतं.

मुकोनोपलीकडे आईच्या बागेत ते आलं
मधमाशीच्या पायांवरून.
आधी पान मलूल, कुणी रुसल्यासारखं.
मग घड अवेळी पिकला, आत काळा.
खुंट तोडला की पिवळा चीक,
पू म्हणावा असा.
आई कोयता चुलीत लाल करून मगच पुढच्या झाडाला लावायची,
बेचक्याच्या काठीनं केळफुलं मोडायची,
सांगितलं तेवढं सगळं केलं तिनं.
चाळीस खुंटांतले चार उरले.

"तुम्ही काय घालता केळीत, त्या काचेत?"
ढोबळी मिरची, मी म्हटलं.
सगळी नाही, तिच्यातली एक ओळ.
रोगाची चाहूल लागताच पेशीला सांगणारी:
तू मर, बाकीच्यांना राहू दे.
आई बराच वेळ गप्प.
मग म्हणाली,
"मातोके तिखट होईल का गं?"

त्या दिवशी पडदे ओढून निळ्या उजेडात पाहिलं.
जेलीच्या चकतीवर पहिली रांग मोजपट्टीची, शिडीसारखी.
दुसरीत नुसतं पाणी,
ती काळीच राहायला हवी. राहिली.
तिसरी, चौथी, काही नाही.
पाचवी धूसर, माझीच चूक असणार.
सहावी काही नाही.
सातवीत एक आडवी रेघ,
दाराच्या फटीखालून कुणी दिवा सरकवावा तशी.
मी ओरडले नाही.
वहीतला सातचा आकडा तेवढा गिरवून जाड केला.

आता सातवीची लेकरं जाळीच्या कुंपणात उभी आहेत.
दोन कुलपं. आत जाताना बूट धुवायचे, येतानाही.
रोग सुईनं टोचून पाहिला,
पान हललं नाही.
पण कायद्यावरची सही अजून व्हायचीय,
म्हणून घड मोजायचा, तोलायचा
आणि खड्ड्यात पुरायचा.
एक घासही नाही.

"एकच मुनवा," आई म्हणाली,
"रात्री, पिशवीतून."
मी नाही म्हटलं.
तिनं वाद घातला नाही.
मला परसाच्या टोकाला नेलं,
चारातली एक आडवी पडली होती.
हिच्याखाली तुझी वार पुरली होती, म्हणाली.
आमच्यात वारेला बाळाचं जुळं म्हणतात.
मला जुळं होतं, आणि ते
गेली एकतीस वर्षं दर पावसाळ्यात फळत होतं,
आणि मी त्याचीच केळी खाऊन
केळीचा अभ्यास करायला गेले होते.

सुकत आलेल्या पानाचा
नखाएवढा तुकडा नळीत घालून आणला.
उणे ऐंशीच्या कपाटात तो आता आहे.
चिठ्ठीवर जातीचं नाव लिहिलं, गाव लिहिलं.
"नमुना कुणाचा" हा रकाना
चारदा पेन टेकवून कोराच सोडला.

सोमवारी सातवीचा पहिला घड उतरवला.
एकतीस किलो, दोनशे ग्रॅम.
पहारेकरी सेरुंजोगी फावडं घेऊन आला.
माती ओढून झाल्यावर
त्यानं स्वतःचा हात हुंगला,
मी बघतेय हे दिसलं
तसा पँटला पुसला.