चमचा

हाब्बो पहाटे पाचला उठतो.
पाच वाजून चार मिनिटांनी पहिलं चित्र येतं:
खांबावर चढलेली गाडी, खाली ओळ,
"आज बायको चालवतेय."
मग सुप्रभात म्हणणारं बदक.
मग आणखी एक, ज्यातल्या बाईला तोंडच नाही
आणि म्हणून ती आदर्श आहे.

मी तेव्हा रात्रपाळीहून आलेली असते,
बूट दारात, बोटांना ग्रीसचा वास.
समुद्रबांधाचे दरवाजे सांभाळते मी.
हाब्बोचीच नोकरी, हाब्बोच्याच खुर्चीत.
उत्तर लिहायला घेते.
"हाब्बो, या गावातलं पाणी रोज एक बाई बाहेर काढते"
इथवर येते, आणि पुसते.

का पुसते?
एक म्हणजे, त्यानेच शिकवलं मला.
पोरगी आली म्हणून कचेरीतले चौघे हसले
तेव्हा हा काही न बोलता आपले जुने हातमोजे
माझ्या टेबलावर टाकून गेला.
मोठे व्हायचे. आत लोकरीचे घालून
पहिला हिवाळा काढला मी त्यांच्यात.
आणि सगळेच म्हणतात, जाऊ दे.
भाऊ म्हणतो, वय झालं. इन्सा म्हणते, ब्लॉक कर आणि झोप.
आई म्हणते, त्याचं मन वाईट नाही.
मन वाईट नाही हे मलाही माहीत आहे.
तेच तर.

आणखी एक आहे, कुणाला सांगितलेलं नाही.
प्रत्येक चित्राखाली पहिला हसरा चेहरा गेस्केचा.
पाच वाजून पाच.
म्हणजे बायको शेजारच्या उशीवरूनच हसते,
असं मी धरून चालले होते.

पण मी ती नोंदवही पाहिली आहे,
बर्फाच्या त्या हिवाळ्यातली, कपाटाच्या तळाशी.
हाब्बो तापाने फणफणला होता.
सदतीस रात्री अक्षर वेगळं आहे.
वारा. पाण्याची उंची. दरवाजे उघडले. मिटले.
सातच्या पोटात आडवी रेघ, जी हाब्बो कधीच देत नाही.
खाली सही मात्र हाब्बोची,
सदतीस वेळा, एका शाईत, एका बैठकीत केलेली.

फोटो काढला होता मी त्या पानाचा.
त्या गाडीखाली, त्या खांबाखाली टाकायचा,
शब्दही न लिहिता.
अंगठा बटणावर होता.
पण ते पान गेस्केचं. माझं नव्हे.

रविवारी गेले.
आमच्या फ्रीजलंडात चहा ढवळत नाहीत.
तळाशी खडीसाखर, वर चहा, काठाने सोडलेली साय.
आधी साय लागते, मग कडू, मग गोड.
ज्याने त्याने आपल्या क्रमाने यावं, ढवळाढवळ नको.
पाहुण्याला निदान तीन कप.
चमचा एवढ्याचसाठी, की पुरे झालं
की तो कपात ठेवायचा.

पहिला कप वाऱ्यावर गेला.
दुसऱ्याला मी म्हटलं,
"हाब्बो, ती चित्रं. मला हसू येत नाही.
दमून घरी येते, आणि त्यातली बाई मीच असते."
आवाज मला हवा होता त्याहून बारीक निघाला.
"गंमत असते गं," तो म्हणाला. "गेस्केसुद्धा हसते की."

गेस्केने किटली खाली ठेवली.
"हसत नाही मी," ती म्हणाली.
"खोकल्यामुळे तू वर झोपतोस, दोन वर्षं झाली.
पाच-चारला ते येतं, म्हणजे तू अजून आहेस.
पाहिलं, एवढंच कळवते."

हाब्बो कपात बघत राहिला.
साय फुटून खाली चालली होती.

सोमवारी नुसतं बदक आलं.
मंगळवारी परत ती गाडी, परत तो खांब.
मी लिहिलं, "पाहिलं. नाही हसले. रविवारी येते."
पुसलं नाही.
खाली गेस्केचा चेहरा नव्हता.
"चहा ठेवलाय, खाली ये," एवढंच होतं.

त्या रविवारी निघताना
चमचा मी बशीतच राहू दिला होता.
आमच्या रीतीने त्याचा अर्थ, अजून ओता.